केंद्र नदीपलीकडे की अलीकडे

३ जानेवारी
अधिकार मिळाले. फीत कापली, फोटो झाले. आजपासून रस्ते, बस, घरं, रोजगार, प्रशिक्षण — सगळं आमच्या प्रादेशिक मंडळाकडे. एक मोठं शहर आणि भोवतालची सहा गावं मिळून एक प्रदेश, असं राजधानीने ठरवलंय. "आता नावं ठेवायला राजधानी उरली नाही," मोठे साहेब म्हणाले. सगळे हसले. मलाही हसावं लागलं.
अधिकार आले, माणसं आली नाहीत. नियोजन विभाग म्हणजे मी, एक सहायक आणि रुसलेला प्रिंटर.

१९ जानेवारी
पहिलंच खरं काम माझ्या गळ्यात. प्रदेशासाठी एकच मोठं प्रशिक्षण केंद्र मंजूर झालंय — वर्कशॉप, यंत्रं, वसतिगृह. ते शहरात स्टेशनमागे बांधायचं, की नदीपलीकडच्या गावात, बंद पडलेल्या बेअरिंग कारखान्याच्या जागेवर? अहवाल मी लिहायचा, मत सदस्य देणार.
साहेबांना आधीच सांगून टाकलं — ते माझं माहेर आहे, थोरली बहीण अजून तिथेच राहते. "इथे प्रत्येकाचं कुणी ना कुणी कुठे तरी राहतंच," ते म्हणाले. "लिहा तुम्ही. फक्त निर्णय होईपर्यंत घरात तोंड बंद."
बंदच असतं.

२ फेब्रुवारी
कारखाना बघायला गेले. पत्रे उडालेत, कँटीनमधली बाकं मात्र जागच्या जागी. ते कँटीन ताई चालवायची. आता बसथांब्यापाशी चहाची टपरी.
गावाच्या नगराध्यक्ष बाई सोबत होत्या. मंडळावर गावाची खुर्ची त्यांचीच. चालताना सुद्धा बोलणं थांबत नाही. "जागा तयार, पाणी तयार, माणसं तयार. तुम्ही हो म्हणायचा अवकाश."
जाताना टपरीवर थांबले. ताई कप विसळता विसळता म्हणाली, "केंद्राला कँटीन लागेलच ना गं?"
"कुठल्या केंद्राला?"
"वेड पांघरू नकोस."

११ फेब्रुवारी
राजधानीचा सल्लागार आला. दिवसभर रंगीत नकाशे. आमचं गाव राखाडी.

२६ फेब्रुवारी
कुठल्या गावातली मुलं कुठे वेळेत पोचू शकतात, ते मांडून पाहिलं. शहरात बहुतेक सगळी पोचतात. नदीपलीकडे त्या गावाबाहेरचं जवळजवळ कुणीच नाही. आणि नदीपलीकडची मुलं शहरात यायला निघाली, तर दोन बसगाड्या बदलून निम्मा दिवस प्रवासात. ताईची मुलगी तेच करते — शहरातल्या एका लॅबमध्ये नोकरी, घरी फक्त झोपायला.
थेट गाडी सुरू केली तर काय होईल, तेही लिहिलं. पण शेवटी, परिशिष्टात. शिफारस शहराची केली.
सही करून अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. 

१४ मार्च
ताईचा फोन. कारखान्याच्या फाटकासमोर गाळा मिळतोय. टपरी देऊन टाकून तो घ्यायचं चाललंय. "केंद्र इथेच येणार म्हणतात लोक. घेऊ का? नुसतं हो की नाही सांग."
"ताई, मला सांगता येत नाही."
"सांगता येत नाही, की सांगायचं नाही?"
मी गप्प. तिने त्या गप्प बसण्याचा अर्थ हो असा घेतला. संध्याकाळी भाचीचा मेसेज — आईने टपरी दिली. गाळा घेतला.


२८ मार्च
बैठक. सगळे भांडणाच्या तयारीने आलेले. शहराचे सदस्य बोलले, सल्लागार बोलला. मग नगराध्यक्ष बाईंनी चष्मा पुसला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "केंद्र शहरातच करा."

"पण त्याबदल्यात आमच्या गावातून थेट गाडी. सकाळी दर अर्ध्या तासाने. संध्याकाळची परतीची उशिरापर्यंत. लेखी द्या. आमच्याकडे इमारत उभी राहीपर्यंत माझी पोरं म्हातारी होतील. गाडी पुढच्या महिन्यात सुटू शकते. अहवालात आहे, परिशिष्टात."
त्यांनी परिशिष्ट वाचलं होतं. एकमताने मंजूर.
बाहेर जिन्यात त्या माझ्यापाशी थांबल्या. "आता गाव मला सोडणार नाही बघा."

३० मार्च
ताईकडे गेले. गाळ्याला नवा रंग, शटर खाली. ती पायरीवर बसलेली.
"गाडी दिलीत म्हणे. गाव सोडून जायला."
"यायलाही आहे, ताई."
"तू किती वेळा येतेस?"
पाणीही न पिता उठले. ती थांब म्हणाली नाही.

२२ एप्रिल
थेट गाडी सुरू झाली. भाचीचा फोन — "मावशी, आज मी उजेडात घरी पोचले." आवाजच वेगळा होता पोरीचा. ताईला फोन दे म्हटलं. ती कामात आहे, म्हणाली.

९ मे
नगराध्यक्ष बाईंनी राजीनामा दिला. लोक त्यांच्या दारात ठाण मांडून बसले होते. त्यांनी गावाचं भलं केलं, असं मला अजून वाटतं. तसं जाऊन सांगायला हवं होतं. गेले नाही.
मंडळावरची त्यांची खुर्ची रिकामी, गावात पोटनिवडणूक. "जो येईल तो आरडाओरडाच करणार," साहेब म्हणाले. "कागद नीट लावून ठेवा."

२ जून
भाची म्हणते, आई दिवसभर घरी नसते, दारोदार फिरतेय. गाळ्यासाठी गिऱ्हाईक शोधत असेल. माझ्यामुळे. फोन हातात घेतला, ठेवला.

१७ जून
काल पोटनिवडणुकीचा निकाल होता. नाव बघितलं नाही — कुणीही आलं तरी शिव्या मलाच.
आज बैठक. नवीन सदस्य आल्या म्हणून सगळ्यांबरोबर मीही उठून उभी राहिले. दारात ताई.
साहेब ओळख करून द्यायला लागले. "ओळखते," ती म्हणाली. नदीपलीकडच्या खुर्चीवर बसली, पिशवीतून चष्मा काढला.
"बसा, मॅडम. सकाळची दुसरी गाडी रोज उशिरा सुटते. का?"