सासूबाई आणि माझ्यामध्ये ठेवलेला रेनकोट

अवासी, मंगळवार

आदरणीय ओबुरादादांस ओमोलोचा नमस्कार.

मोंबासाची हवा मानवते ना? गुडघा काय म्हणतो? इकडे तुमची बहीण अवुओर आणि मुलं बरी आहेत. सासूबाई तशाच आहेत, नाकात नळी, छातीत पाणी. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की ‘ओमोलोसारखा तयारीचा माणूस सोबत असताना आई भिजलीच कशी?’ आणि नेमका फोन बंद पडला (मी बंद केला नव्हता, बॅटरी गेली). म्हणून सविस्तर लिहितो.

माझी तयारी तुम्हाला ठाऊकच आहे. अहेरोच्या भातगिरणीत रोज बारा किलोमीटर मोटरसायकलने जायचं, सकाळी धुकं, दुपारी ऊन आणि चारच्या सुमारास नांदीच्या डोंगरावरून उतरलेला काळा ढग. मी छातीला वर्तमानपत्र बांधतो, पायात गमबूट घालतो, सीटवर पिशवी चढवतो. गिरणीत घालायची पँट प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेतो आणि गाडी हाफपँटवर चालवतो. कोरडे मोजे जेवणाच्या डब्यात ठेवतो (एकदा घाईत डब्यांची अदलाबदल झाली. मुकादमाला आग्रहाने जेवायला बसवून मी त्याच्यापुढे मोजे उघडले). आणि रेनकोट तर असा, की घातला की अवुओर म्हणते, तंबू निघाला कामाला.

तर गुरुवारी घरी पोचतो तोच अवुओर दारात. आईचा ताप उतरत नाही, ती बाजारात टोमॅटोपाशी बसल्या बसल्या कलंडली, तिला अहेरोच्या दवाखान्यात ने. रस्त्यावर गुडघाभर पाणी, मटाटूच्या भाड्याच्या गाड्या बंद, भाड्याचे मोटरसायकलवाले छत्र्या मिटून पत्र्याखाली. राहता राहिलो मी. आता आपल्यात जावई सासूच्या पुढ्यात बसून घासही घेत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. इथे तर पाठीला छाती टेकवून बारा किलोमीटर! सगळा बाजार विक्री सोडून बघत होता. मी सासूबाईंना हात जोडून कोट घ्यायला सांगितलं, पण त्या ऐकेनात. मधे आडोसा हवा म्हणाल्या. शेवटी कोटाची उशीएवढी जाड घडी करून आम्हा दोघांच्या मधे ठेवली आणि रबरी पट्ट्याने सीटला बांधली. वाटेत गारा लागल्या. मागून खोकला ऐकू येई तेव्हा जिवंत आहेत असं वाटून बरं वाटे आणि थांबला की मी गाडी हळू करून कान देई. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोट होता तर घातला का नाही? मी घडी उघडून पाहिली. आत एक थेंब नव्हता.

असो. रिवाजापुढे माणसाचं काय चालणार! वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
ओमोलो

ता. क. येताना एक जाड ब्लँकेट आणा. दवाखान्यातली पातळ आहेत.

ता. क. दुसरा. दादा, वर लिहिलंय ते मी सगळ्यांना सांगतो तेच. सासूबाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. त्या आपणहून मागे बसल्या आणि म्हणाल्या, “कोट मला दे रे बाबा, हुडहुडी भरलीय. रीत नंतर बघू.” बाजारातल्या मासळीवाल्या बघत होत्या. उद्यापासून त्या मला काय काय म्हणतील एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि घडी मी घातली. मला फार लाज वाटते. आता कुणीही विचारलं की सासूबाई नळी बाजूला करून सांगतात, ‘त्याने दिला होता, मीच घेतला नाही.’ अवुओरला सांगितलं, नर्सला सांगितलं, काल पाद्रीबाबांनाही सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांना बोलू देऊ नका, तेवढाही दम उरलेला नाही. तुम्ही लवकर या आणि त्यांना सांगा, की ओमोलोने सगळं कबूल केलंय, आता बोलू नका. मीच सांगितलं असतं. पण जावयाला खाटेपाशी जाता येत नाही, मी व्हरांड्यात उभा असतो.