कुंकवाची बाजू

तीर्थस्वरूप कृष्णराव मामाजी यांना भाचा योगेंद्रचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा, सुलोचनामामींचा खोकला आणि एकोडीच्या शेतातलं धान, तिन्ही ठीक असावीत. माझी प्रकृती उत्तम आहे, कारण दोन दिवसांपासून मला घरीच बसवलं आहे.

भंडाऱ्याच्या आमच्या कारखान्यात गोळी अडवणारी काच बनते हे तुम्ही गावभर सांगता (भाच्याला तिथे तुम्हीच चिकटवलं, हेही). परवा तिची परीक्षा होती. मालक भैय्याजींनी मंडप टाकला, पाहुणे बोलावले आणि पूजा वडीलधाऱ्याच्या हातून व्हावी म्हणून तुम्हाला गाडी पाठवली. तुम्ही काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग तुमची नजर समोरच्या बंदुकीवर गेली आणि तुम्ही म्हणालात, "कुंकवावर गोळी मारता का जी? काहून अपशकुन करून राहिले? फिरवा तिले!"

मामाजी, या काचेला पुढची आणि मागची बाजू असते. पुढे जाड काचेचे थर, मागे चिवट प्लास्टिक. काचेने गोळीचा जोर मोडायचा, प्लास्टिकने उडणारे तुकडे झेलायचे. उलटी लावली की तेच तुकडे मागच्या माणसाच्या तोंडावर. मी हे ओरडून सांगितलं. भैय्याजी म्हणाले, "तुले मामापेक्षा जास्त समजते का?" पाहुणे हसले. मीही हसलो (पगार घेणाऱ्याला हसावं लागतं) आणि काच फिरवली.

काचेमागे ॲल्युमिनियमचा पातळ कागद ताणलेला असतो. तो फाटला की मागचा माणूस गेला असं धरायचं. नऊ एमएमच्या पिस्तुलाची गोळी काचेतच अडकली, पण मागे उडालेल्या तुकड्यांनी कागद चार ठिकाणी फाटला. भैय्याजींनी ते उंदरावर ढकललं. कागद बदलला, रिव्हॉल्वर चालवली, उंदीर पुन्हा येऊन गेला. शेवटी रायफलची गोळी काच आणि कागद भेदून वाळूच्या पोत्यात शिरली. टाळीसाठी उचललेले हात पाहुण्यांनी चहाच्या कपांकडे वळवले.

संध्याकाळी माझ्या हातात नोटीस: काच उलटी बसवल्याबद्दल खुलासा द्या. तुम्ही तिथेच होतात. भैय्याजींनी तुम्हालाही विचारलं, आणि तोंडातली जिलेबी संपवून तुम्ही म्हणालात, "पोराचं ध्यानच नाही कामात." ते मला फार लागलं, मामाजी. नोटिशीपेक्षा जास्त लागलं. बाप गेल्यावर मी तुमच्याच तोंडाकडे पाहत आलो आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
योगेंद्र

ता. क. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र साकोली बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. खुलासा सोमवारी द्यायचा आहे. तुम्ही दोनच ओळी लिहून द्या: "काच फिरवायला मीच सांगितलं."

आणखी ता. क. नोकरी जाऊ द्या. पण त्याच दिवशी बँकेची रोकड नेणाऱ्या नव्या गाडीच्या काचांनाही तुम्ही पुढून कुंकू लावलं होतं. पूजेची बाजू रस्त्याच्या धुळीत नको म्हणून भैय्याजींनी त्या काचा कुंकू आत ठेवून बसवल्या आहेत. तुमच्या दोन ओळी मिळाल्याशिवाय ते त्या उतरवणार नाहीत. ती गाडी सोमवारपासून तुमचा वीरेंद्र चालवणार आहे. मी त्याला सांगून पाहिलं. म्हणाला, "बाबाच्या हातचं कुंकू हाय समोर, मले काय होते?"