शिट्टीतली गोळी अडकली आहे

४ डिसेंबर १९८५
परभणीला डॉक्टरकडे जाऊन आलो. एस.टी.त खिडकी मिळाली, बाहेर काही पाहिलं नाही. गणपतीत लकवा मारला, डावी बाजू. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात. म्हणाले, मेंदूचं आटोक्यात आहे, आता मन बसलंय, त्याला डिप्रेशन म्हणतात. हे सगळं माझ्या बायकोला, सुमंगलेला, सांगत होते. मी शेजारच्याच स्टुलावर होतो. एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, खरं औषध व्यायाम. रोज हात वर, पाय वर, गल्लीत चालणं. त्यानं मनही उठतं.
व्यायाम, आणि मला. मानवतला शाळेत तीस वर्षं ड्रिल मास्तर होतो. अर्ध्या तालुक्याचे हात मी वर करवलेत. डिप्रेशन वगैरे मला नाही. नुसतं काही वाटत नाही, एवढंच.
निश्चय: उद्यापासून पहाटे सहा.

५ डिसेंबर, सकाळी ९
थंडी. अशा हवेत स्नायू आखडतात. सोमवारपासून.

९ डिसेंबर
सोमवार. भिंतीवरून ऊन सरकताना पाहिलं. दुपारी खुंटीपाशी पोचतं. खुंटीला माझी शिट्टी आहे. मग ऊन जातं. काही वाटलं नाही.
चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडला. कपाची कड वाईट आहे. बदलायला सांगितला.

११ डिसेंबर
अप्पाराव आला. माझ्या वेळी शाळेत गणित शिकवायचा. हेडमास्तरांचा निरोप आणला. मी रिटायर झालो तरी दरवर्षी सव्वीस जानेवारीच्या परेडचा हुकूम माझा, शिट्टी माझी. यंदा झेपत नसेल तर नवे सर आहेत, तसं कळवा, म्हणे. नवे सर सॅल्यूट करताना कमरेत वाकतात. कळवलं की येतोय, तयारी जोरात आहे. शिट्टी एकदा दुसऱ्याच्या तोंडात गेली की परत मिळत नाही. मग माझं तिथं काय राहिलं?

१२ डिसेंबर
शास्त्र असं की आधी प्रात्यक्षिक, मग सराव. सुमंगलेला अंगणात उभं केलं. मी खुर्चीत. सावधान. विश्राम. हात वर. ती हात कोपरात वाकवते. सुधारलं. ती म्हणाली, व्यायाम तुमाला सांगितलाय का मला? म्हटलं, आधी मला नीट बघू दे.
आजचा व्यायाम उत्तम झाला. घसा दुखतोय.

१८ डिसेंबर
शेजारच्या केशरबाई कुंपणाआडून रोज बघायच्या. आज म्हणाल्या, मास्तर, आमचं बी गुडघं लय दुखायलेत, येऊ का? आल्या. गल्लीतल्या आणखी बायका घेऊन आल्या. पदर खोचून ओळीत उभ्या. ओळ वाकडी होती. सरळ केली, तोंडाने. खुर्ची जरा पुढे घ्यायला लावली. एवढ्या हालचालीनेही दमायला होतं, म्हणजे व्यायाम लागू पडतोय.
चहात साखर घालायची राहिली होती, असं सुमंगला नंतर म्हणाली. मी सगळा पिऊन टाकला होता. बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. गोडाचा मला मोह नाही.

२८ डिसेंबर
तिने खुंटीवरची शिट्टी काढून हातात दिली. म्हणाली, सव्वीस तारखेसाठी सराव करा. फुंकली. नुसता वारा आला. शिट्टीतली गोळी अडकली आहे. इतके महिने खुंटीला लटकून होती, गंजणारच. परत लावायला सांगितली.

६ जानेवारी १९८६
अप्पारावकडून परभणीहून नवी शिट्टी मागवली. तीही सदोष. हल्ली माल निकृष्ट येतो. अप्पाराव म्हणाला, दुकानात मी वाजवून घेतली होती. गणिताच्या माणसाला शिट्टीतलं काय कळतं?
दिवसभर पडून होतो. विश्रांती हाही कार्यक्रमाचा भाग आहे.

१३ जानेवारी
डॉक्टर. विचारलं, व्यायाम चालू आहे का? म्हटलं, एक दिवस खाडा नाही. त्यांनी माझा डावा हात उचलला आणि सोडला. पडला. सुमंगलेला विचारलं, तुमचा दम कसा आहे? ती म्हणाली, आता लागतच न्हाई, मागच्या खेपेला तुमच्या जिन्यात मी दोनदा बसले होते. डॉक्टर कधी तिच्याकडे बघायचे, कधी माझ्याकडे. मग म्हणाले, मास्तर, व्यायाम कोण करतंय?
डॉक्टर तरुण आहेत. व्यायाम करून घेणं आणि करणं यात त्यांना फरक वाटतो.

२१ जानेवारी
उद्यापासून स्वतः उभा राहणार. खुर्ची माळ्यावर टाका म्हणालो.

२२ जानेवारी
खुर्ची माळ्यावर नेण्याइतका धडधाकट माणूस घरात नाही. तीत बसलो.

२६ जानेवारी, सकाळी साडेसात
पांढरी पँट. कॅनव्हासचे बूट. नाड्या सुमंगलेने बांधल्या. अप्पाराव टांगा घेऊन दारात उभा आहे. टांग्याचं चाक मला ठीक वाटत नाही. शिवाय घोडं डाव्या बाजूला ओढतंय. अप्पाराव म्हणतो, व्यंकटराव, घोडं रोजचंच हाय. त्याला पुढे पाठवलं.

तोच दिवस, रात्री
शाळा जवळच. आठ वाजता इथवर ऐकू आलं. नव्या सरांची शिट्टी. खणखणीत होती. झेंडा वर गेला असेल. काही वाटलं नाही. बूट संध्याकाळपर्यंत पायातच होते.

२७ जानेवारी
सकाळी बायका जमल्या. पांघरुणातूनच सांगितलं की वर्ग बंद. शिट्ट्या नादुरुस्त आहेत, दोन्ही.
सुमंगला बरं म्हणाली. खुंटीवरची जुनी काढली, पदराने पुसली, तोंडात धरली. वाजली. गल्लीच्या टोकापर्यंत वाजली. समोरच्या ओट्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अंगणात गेली.
केशरबाई दारातून म्हणाल्या, मास्तर, तुमी बी या की, मागच्या ओळीत जागा हाय.
कारण शोधलं. सापडलं नाही. गेलो. केशरबाईंच्या शेजारी उभा राहिलो, मारुतीच्या पाराकडे तोंड करून. हात वर. उजवा गेला. डावा सदऱ्याच्या मधल्या बटणापर्यंत आला आणि थांबला. सुमंगला सगळ्यांदेखत म्हणाली, मागच्या ओळीतले, डावा अजून वर.
काही वाटलं नाही, असं लिहिणार होतो. वाटलं. लाज वाटली. लय वाटली.
नंतर चहा झाला. साखर कमी होती.