शिडी पोहोचेल तो मजला

सोमवार, ता. ४

वही, माफ कर. बारा दिवस तुला हात लावला नाही. लिहिलं की गोष्ट खरी होते असं वाटतं, म्हणून टाळलं. आज लिहितो.

हिच्या हृदयाची झडप बदलायची आहे. इथल्या डॉक्टरांनी हात वर केले. म्हणाले, मोठ्या शहरात न्या, तिकडच्या हॉस्पिटलात. अकरा तारखेला ऑपरेशन. आधी चार दिवस तपासण्या, नंतर पंधरा दिवस तिथेच राहायचं. म्हणजे हॉटेल आलं.

थोरलीला आठवा महिना आहे, तिला प्रवास बंद. जावईबापूंनी फोनवर तीन भाग सांगितले — स्टेशनजवळ, हॉस्पिटलजवळ, आणि नदीकडची नवी वस्ती. "बाबा, नदीकडे घ्या, आईला हवा मिळेल." नदीकडे सगळी हॉटेलं चौदा मजली. मी विचारलं, खोली कितव्या मजल्यावर मिळेल? म्हणाले, जितकी वर तितकी छान.

छान! एकतीस वर्षं आगीच्या बंबावर काढली मी. वर काय छान असतं ते मला माहीत आहे.

मंगळवार, ता. ५

सकाळपासून हॉटेलांना फोन. प्रश्न कागदावर लिहून घेतले होते. मागे जिना आहे का. त्याचं दार उघडं असतं का. खिडकीला गज आहेत का. समोरचा रस्ता किती रुंद.

पहिला म्हणाला, "जिना कशाला काका, दोन लिफ्ट आहेत." आगीत लिफ्ट म्हणजे पेटी. ठेवला फोन.

दुसऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मागचं दार, खिडकीचे गज... काका, राहायला येताय की चोरीला?" हिला हे सांगितलं तर ती इतकी हसली की धाप लागली. मी पाठ चोळत बसलो. हसवायला नको होतं.

शेवटी स्टेशनजवळचं घेतलं. तिसरा मजला. मागे जिना आहे म्हणाले.

गुरुवार, ता. ७

पोहोचलो. शहर केवढं आहे ते लिहिता येणार नाही. रिक्षातून उतरेपर्यंत मी हिचा हात सोडला नाही. ती म्हणाली, "अहो, बोटं मोडाल माझी."

हॉटेलची गल्ली पावलांनी मोजली. अकरा फूट. बंब आठ फुटांचा. आत येईल, पण शिडी उभी करायला बाजूला जागा लागते, ती कुठून आणायची? वर विजेच्या तारांचं जाळं. हिला लिफ्टने वर पोहोचवलं आणि मागचा जिना बघायला गेलो. दाराला साखळी, साखळीला कुलूप, आणि दारामागे जुन्या गाद्यांचा ढीग.

गाद्या! कापूस आतल्या आत धुमसतो, चार-चार तास कळत नाही.

व्यवस्थापकाला सांगितलं. तो म्हणाला, "पाच वर्षांत काही झालं नाही." मी म्हटलं, पहिल्यांदा व्हायला एकच दिवस लागतो.

शुक्रवार, ता. ८

हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाई लहान आहेत, थोरलीच्या वयाच्या. हिच्याशी गोड बोलल्या, झडपेचं चित्र काढून दाखवलं. मी भिंतीकडे बघत होतो. शेवटी माझ्या हातात एक फॉर्म दिला. चार पानं. "काका, नीट वाचा. दोघांच्या सह्या लागतील. उद्या आणून द्या."

शेवटच्या पानावर एक चौकोन आहे — शहरातला पत्ता. मी म्हटलं, हॉटेल अजून नक्की नाही, पत्ता ठरला की देतो. त्या म्हणाल्या, "लवकर ठरवा."

फॉर्म घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. दिवसभर छातीला टोचतोय.

शनिवार, ता. ९

हॉटेल बदललं. आता हॉस्पिटलच्या समोरच्या रस्त्यावर. रस्ता चांगला, साठ फुटी. पण खोली सहाव्यावर, आणि खिडकी नुसती काच, उघडतच नाही. ही जिना उतरताना दर पाच पायऱ्यांना थांबते. सहा मजले म्हणजे शंभर-सव्वाशे पायऱ्या. पंचवीस वेळा थांबणार. धूर तेवढा वेळ देत नाही.

म्हटलं, पाठीवर घेऊन उतरता येतं का बघू. माणूस खांद्यावर कसा घ्यायचा हे मी नव्या पोरांना शिकवायचो. ही म्हणाली, "एकाहत्तर वय तुमचं. लाज आहे का?" तरी आली. जिन्यात कोणी नव्हतं. मी वाकलो, तिने गळ्यात हात टाकले. किती हलकी झाली आहे! चार पायऱ्या उतरलो आणि डावा गुडघा वाकला. कठडा धरला म्हणून वाचलो. दोघं तिथेच पायरीवर बसलो.

खालून एक सफाईवाली बाई बादली घेऊन आली. बघून थांबली. "आजी, बरं वाटत नाही का?" ही म्हणाली, "मला बरं आहे हो. यांना आग लागायची आहे, तिची वाट बघतोय."

बाई पटकन खाली गेली.

रविवार, ता. १०

गुडघा सुजलाय. ही मीठ-पाण्याने शेकत होती. ऑपरेशन तिचं, आणि शेकतेय ती मला.

आज एक गोष्ट लिहून टाकतो. हिला कधी सांगितली नाही.

एकोणीस वर्षं झाली. बाजारातला एक लॉज. वर्दी दुपारी आली, आग लागल्याची. आम्ही सात मिनिटांत पोहोचलो. चौथ्या मजल्याच्या खिडकीत एक बाई उभी होती, निळी साडी. खालच्या लोकांनी ताडपत्री ताणून धरली होती, ते ओरडत होते, उडी मारा. मी शिडीवर चढत होतो. मी ओरडलो, "बाई, थांबा, मी येतोय." ती थांबली. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, म्हणजे ऐकलं म्हणून. आमची शिडी पस्तीस फुटी. टोकाला पोहोचलो तर खिडकी माझ्या हातापासून दीड हात वर. दीड हात. मग आतून धूर आला आणि ती दिसेनाशी झाली.

चौकशीत कोणी मला बोल लावला नाही. साहेब म्हणाले, शिडी तेवढीच होती, तू काय करणार.

पण ताडपत्री होती की. माझं ऐकून ती थांबली.

तेव्हापासून मी कोणाला काही सांगायचं म्हटलं की हात गार पडतात. हे कर, ते करू नको, हे मला सांगता येत नाही. फॉर्म तीन वेळा वाचला. सातवीपर्यंतचं शिक्षण, सावकाश वाचतो, पण कळतं. दुसऱ्या पानावर लिहिलंय — "शस्त्रक्रियेदरम्यान जिवाला धोका संभवतो याची मला पूर्ण कल्पना आहे व माझी संमती आहे." खाली सहीची रेघ.

यावर मी सही करायची? माझ्या सहीने तिला आत न्यायचं?

मघाशी हॉस्पिटलात फोन करून सांगितलं, पत्ता ठरला नाही. तारीख तेरावर गेली. हिला सांगितलं, डॉक्टरच म्हणाल्या तेराला या म्हणून.

सोमवार, ता. ११

तिसरं हॉटेल. हॉस्पिटलच्या मागच्या वस्तीत. शांत रस्ता, दोन्हीकडे झाडं, मधे बंब वळेल एवढी जागा. इमारत दोनच मजली. आम्हाला पहिला मजला, रस्त्याकडची खोली. खिडकी पूर्ण उघडते. जिने दोन, दोन्ही मोकळे. फायर स्टेशन कोपऱ्यापलीकडे, चालत गेलो, सहा मिनिटं. तिथल्या जवानाशी बोललो. नवी शिडी दाखवली त्याने, किती वर जाते! बघून डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं काकांच्या डोळ्यांत धूळ गेली.

सगळं बरोबर आहे. म्हणूनच भीती वाटली.

खूप शोधलं तेव्हा एक सापडलं — जिन्याखाली गॅसचे दोन सिलिंडर. मी लगेच खाली. इथला मॅनेजर जाड चष्म्याचा, शांत माणूस. म्हणाला, "बरोबर बोललात काका, हलवतो." आणि अर्ध्या तासात हलवले! वर येऊन विचारलं, "अजून काही?"

काही नव्हतं. मी बराच वेळ खोलीत इकडेतिकडे बघितलं. काही नव्हतं.

ही कॉटवर पाय सोडून बसली होती. म्हणाली, "आवडलं का एकदाचं तुम्हाला?"

ती आंघोळीला गेल्यावर फॉर्म काढला. चौकोनात पत्ता लिहिला, ठळक अक्षरात. पेन सहीच्या रेघेपर्यंत नेलं. मग टोपण लावलं.

मंगळवार, ता. १२

फॉर्म आज द्यायचा होता. दिला नाही. सकाळी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो, पानाच्या टपरीशी उभा राहिलो, परत आलो. हिला म्हटलं, देऊन आलो.

मग मी दाढी करत असताना फोन वाजला. हिने घेतला. हॉस्पिटलच्या सिस्टर होत्या.

बाहेर आलो तर ही फोन मांडीवर ठेवून बसलेली. जेवली. ताट धुऊन ठेवलं. हॉटेलात कोणी ताट धुतं का? मी समजलो.

चार वाजता म्हणाली, "सिस्टर विचारत होत्या, काकांचा पत्ता ठरला का."

मी टॉवेलची घडी घालायला घेतली.

"तीन हॉटेलं झाली. प्रत्येक ठिकाणी तुम्ही जिना बघितला, दार बघितलं, गल्ली मोजली. मला दोन वर्षं झाली, सरळ झोपता येत नाही. उशीला टेकून बसून असते. ते बघितलं का?"

मी म्हटलं, बघतो की. रोज बघतो. म्हणून तर.

"म्हणून तर काय?"

निळी साडी, शिडी, काही सांगता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "तुला काही झालं तर ते माझ्या सहीने झालं असं होईल."

तिने पाठीमागची उशी सरळ केली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आणि सही न करता झालं तर?"

मी म्हटलं, दोन दिवस दे मला. दोनच.

ती म्हणाली, "पडा जरा. चेहरा बघा कसा झालाय."

बुधवार, ता. १३

हॉस्पिटलच्या बाकावरून लिहितोय. वही मांडीवर आहे, अक्षर समजून घे.

सातला जाग आली. तिची कॉट आवरलेली. सदरा खुंटीवर, खिसा रिकामा. मॅनेजर म्हणाला, "आजी सहालाच गेल्या. मी रिक्षा बघतो म्हटलं तर नको म्हणाल्या. थांबत थांबत, पण चालत गेल्या. तुम्हाला उठवू नका म्हणाल्या."

मी पोहोचलो तेव्हा तिला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. सिस्टरांनी फॉर्म दाखवला. दुसऱ्या पानावरच्या त्या रेघेवर हिची सही. थोरलीने शिकवलेली, मोठी-मोठी अक्षरं, रेघेच्या बाहेर गेलेली.

मी म्हटलं, पण इथे तर माझी सही लागते ना?

सिस्टर म्हणाल्या, "नाही काका. ही पेशंटची. जीव त्यांचा, सही त्यांची. तुमची शेवटच्या पानावर, पत्त्याच्या खाली. आत काय झालं ते कळवायचं कोणाला, एवढ्यासाठी."

केली. पत्त्याच्या खाली, पूर्ण नाव घालून केली. फोनचा नंबर दोनदा लिहिला.

पावणेदहा झालेत. दार बंद आहे. मी कुठे जाणार नाही, चहालासुद्धा नाही. इथेच आहे, दारापासून तिसऱ्या बाकावर. जे असेल ते सांगा. कोणीतरी बाहेर या आणि कळवा. लवकर कळवा.