पोटात राहिलेलं

नालवाडी, वर्धा
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय पियुष,
सप्रेम जय भीम.

आई बरी आहे. तुझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. मोनालीचं नाव ठसठशीत आलं आहे. फोनच करणार होतो, पण तुझ्या खोलीवर चौघं राहतात, आणि हे बोलताना माझा आवाज टिकणार नाही.

माझ्या पोटात उजवीकडे गाठ आहे. चार महिने मी गॅस समजत होतो. सीटी स्कॅन झालं. कॅन्सर निघाला. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन, मग केमो. डॉक्टर म्हणाले, "हा बहुतेकदा बरा होतो." मी मान हलवली, पण शर्टाचं बटण काही लागेना.

गाठ कशात आहे ते लिहितो. माझ्या दोन्ही गोट्या लहानपणी खाली उतरल्याच नाहीत, पोटातच राहिल्या. तशा राहिल्या की कॅन्सरचा धोका वाढतो, हे आता कळलं. लाजेपोटी मी कधी दाखवलंच नाही. रीतालाही सांगितलं नाही. सात वर्षं मूल नाही म्हणून तिच्याच तपासण्या, तिच्याच गोळ्या. मी बाहेर बाकावर बसायचो. आता ऑपरेशनआधी वीर्य साठवून ठेवू म्हणून डॉक्टरांनी तपासलं, तर त्यात शुक्राणूच नाहीत. "हे आधीपासूनच असणार," ते तिच्यासमोर म्हणाले.

ऑटोत ती एकदाच बोलली, "तुमाले मालूम होतं?"

मी हो म्हटलं. तेव्हापासून औषध वेळेवर देते, बोलत नाही. पियुष, मले लय भेव लागून राह्यलं.

अजून एक आहे. आपण धाम नदीवर पोहायला जायचो, तेव्हा मी पाहिलं होतं. तुझीही एक बाजू रिकामीच आहे. तेव्हाच आईला सांगायला हवं होतं. पण तुझं सांगितलं तर माझंही निघेल, म्हणून गप्प राहिलो.

सुटी टाक, सोनोग्राफी करून घे. गाठ नसली तरी मोनालीले सांगजो, लग्नाआधी. ती नाही म्हणाली तर म्हणू दे. माझ्यासाठी धावत येऊ नको. आधी स्वतःले दाखव.

तुझा भित्रा दादा,
प्रफुल

ता. क. पियुष भाऊजी, पत्र मी वाचलं. मीच पोस्टात टाकते आहे. यांच्याशी मला खूप भांडायचं आहे, त्यासाठी हे जगले पाहिजेत. तुम्ही पत्र मिळताच दवाखान्यात जा.
– रीता