चित्रातल्या बाईचं कुंकू

इंदिरा नगर, लखनौ
१४ नोव्हेंबर २०२४

ती. अनघाताईस,
सुलभाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली आहे. यांचा गुडघा दुखतो, पण रेल्वेतून निवृत्त होईपर्यंत डॉक्टरकडे जायचं नाही, असा पणच केलाय. रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर रुचा तुझ्या शेजारीच बसलेली असते, म्हणून.

ती नीट जेवते ना? नोकरी गेल्यावर मुलीने आईला सोडून साताऱ्याला मावशीकडे जावं, याचं वाईट वाटतं. पण तिला लखनौ नकोसं झालं, त्याला मी काय बोलणार!

तिने सांगितलंच असेल तुला. निशातगंजला समीर मॅसींच्या स्टुडिओत ती ॲनिमेशन करायची. बायबलमधल्या गोष्टी, मुलांसाठी, निरनिराळ्या भाषांत. मला ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, चांगल्या दुधातही मला पाणी दिसतं. या गोष्टी फुकट का दाखवतात? तो आर्यन, आवाजाचं काम करणारा, हिला रोज घरी सोडायला का येतो? मी तिची बॅग तपासायचे. हो, तपासायचे.

एक दिवस ती आंघोळीला गेली आणि टॅब उघडा राहिला. त्यात एका बाईचं चित्र होतं. अगदी आपल्यातली, काठापदराची साडी, कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या. मी बोटाने पुढचं चित्र आणलं. तीच बाई, पण बांगड्या नाहीत. त्याच्या पुढच्या चित्रात मंगळसूत्र नाही. मग कपाळही मोकळं. म्हटलं, ही यांची रीत दिसते, एकेक करून सगळं उतरवायचं. उद्या माझ्या मुलीचंही हेच होणार.

तिला विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

पुढचं तुला ठाऊकच आहे. चार दिवसांनी पंधरा-वीस माणसं स्टुडिओत शिरली, कॉम्प्युटर फोडले, मॅसींना धक्काबुक्की केली. घरमालकाने त्याच संध्याकाळी जागा रिकामी करायला सांगितलं. स्टुडिओबद्दल बाहेर कोणी सांगितलं, असा प्रश्न निघाला तेव्हा रुचाने आर्यनवर संशय घेतला, कारण त्याचं मॅसींशी नुकतंच वाजलं होतं. मीही म्हटलं, "मला तो मुलगा कधीच पटला नव्हता." तेव्हापासून ती त्याचा फोन उचलत नाही.

परवा तो आला होता. पार उतरला होता बिचारा. म्हणाला, "आंटी, मैंने किसी से कुछ नहीं कहा. आप उसे समझाइए ना."

मी चहा दिला आणि विचारलं, "वो औरत का कुंकू क्यों मिटाते थे?" त्याला कळेचना. मग त्याने मोबाइलवर तीच चित्रं काढली. "आंटी, आपने उल्टा देखा. पहले सादी औरत बनती है, फिर हर जगह के हिसाब से उसे पहनाते हैं. मराठीवाली को कुंकू तो रुचा ने सर से लड़कर लगवाया. बोली, नहीं तो मेरी माँ को ये औरत पराई लगेगी."

गोष्ट दोन बहिणींची आहे, ताई. येशू घरी पाहुणा येतो, एक त्याचं बोलणं ऐकत बसते, दुसरी एकटी स्वयंपाकघरात राबते. आर्यनने मला अर्धी दाखवली. माझं लक्ष त्या राबणाऱ्या बाईच्या कपाळाकडेच होतं.

ती चित्रं पाहिल्यावर जयसिंगना स्टुडिओबद्दल मीच सांगितलं होतं. आमच्या मागच्या गल्लीतले, त्यांच्या ओळखी फार. सब्जीच्या गाडीपाशी भेटले. 'जरा लक्ष ठेवा' एवढंच म्हटलं, असं मी इतके दिवस मनाशी घोकतेय. पण त्यांनी पत्ता विचारला तेव्हा मीच दिला. कितवा मजला तेही सांगितलं.

आर्यनपुढे माझं तोंड उघडलं नाही. तो पाया पडून गेला. यांनाही काही माहीत नाही. रुचाला फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिचा आवाज आला की मी "जेवलीस का" विचारते आणि फोन ठेवते. मला भीती वाटते गं, ती पुन्हा कधी घरी येणार नाही याची.

तरी हे वाचून झालं की पत्र तिच्या हातात दे. आधी समजावत बसू नकोस, माझी बाजूही घेऊ नकोस. त्या मुलाला तिने आजच फोन करावा. मला कधी करायचा, करायचा की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

तुझी धाकटी बहीण,
आणि रुचाने म्हणू दिलं तर तिची आई,
सुलभा