हा संघ तुमचाच

१ मार्च, शनिवार

जिंकलो! दोन-एक. फुटबॉल हंगामातला पहिलाच सामना, समोर गेल्या वर्षीचे विजेते, आणि आमच्या मुसोनसारख्या आडगावात आम्ही त्यांना हरवलं. दुसरा गोल सार्जंट मेंगचा. गोल झाला की आमचे खेळाडू स्टँडसमोर रांगेत उभे राहून कडक सलाम ठोकतात — सैनिकच आहेत ना सगळे — आणि वरून बाबांच्या ढोलाचे तीन ठोके. धम्, धम्, धम्. मी आठ वर्षांची असल्यापासून हे असंच चालत आलंय. तेव्हा मी त्या ढोलाशेजारी बसायचे. आता खाली मैदानाकडेला, गळ्यात कार्ड लटकवून.

आणि तरी उपयोग काय? जिंका, हरा, पहिले या, शेवटचे या. सैन्याचा आणि गावाचा करार या वर्षी संपतोय. पुढच्या वर्षी हा संघ तेगोकला जाणार. आणि नियम असा, की गाव बदललं की संघ थेट दुसऱ्या लीगमध्ये. कितवेही आलो तरी खालीच.

टाळ्या वाजवताना हात जड झाले होते.

४ मार्च

पांग साहेबांशी वाद घातला. ते संघाच्या ऑफिसचे प्रमुख, मी तिथली सगळ्यात धाकटी, त्यामुळे वाद म्हणजे मी बोलले आणि त्यांनी चहा प्यायला. माझं म्हणणं एवढंच, की हंगामाच्या पोस्टरवर स्पष्ट लिहावं, 'मुसोनमधला शेवटचा हंगाम'. लोक तिकीट काढतात, त्यांना खरं सांगायला नको?

साहेब म्हणाले, "गावाला माहीत आहे, पोरी. माहीत असलेलं छापायचं नसतं."

पोस्टरवर शेवटी छापलं, 'चला, एकत्र!' कुठे?

मला आठवतंय, संघ पहिल्यांदा गावात आला तेव्हा फाटकाशी एक माणूस कागदी झेंडे वाटत होता. मी विचारलं होतं, हे सैनिक आमचे का? तो वाकून म्हणाला होता, "आजपासून हा संघ तुमचाच." ते हेच पांग साहेब! तेव्हा केस होते त्यांना. करारावर शेवटचं वर्ष तेव्हाही लिहिलेलं असणारच.

मी असं अर्धं खरं कधी कुणाला सांगणार नाही.

१६ मार्च

बरोबरी. पाऊस. मोजे ओले.

२ एप्रिल

एक वाट आहे! गावाने स्वतःचा क्लब काढला तर पुढच्या वर्षी तोही दुसऱ्या लीगमध्ये खेळू शकतो. सैनिक जातील, पण फुटबॉल राहील. महापौर म्हणतात, "लोकांची इच्छा असेल तर." जूनमध्ये नगरभवनात जाहीर बैठक घेणार. म्हणजे इच्छा गोळा करायची. मी करते! सुट्टीच्या दिवशी, गळ्यातलं कार्ड काढून.

बाबांना सांगितलं. ते बूट काढत होते. म्हणाले, "घरातली पहिली पदवीधर. सोलमध्ये नोकरी चालून आली होती. आणि तू काय करतेस? पाण्याच्या बाटल्या वाटतेस."

"बाटल्याच नाही वाटत."

"मग काय वाटतेस?"

आई म्हणाली, आधी जेवा दोघं.

२० एप्रिल

बागाबागांतून हिंडले. आमच्या गावात गामची झाडं सोडली तर काय आहे! शरदात ती केशरी फळं सोलायची, दोरीला टांगून वाळवायची, विकायची, की पुन्हा झाडांकडे बघत बसायचं. लोक ऐकतात. चेष्टा करतात, पण ऐकतात.

एक आजोबा म्हणाले, "तो तुमचा गोलकीपर बरा आहे गं. सैन्याने मदतीला पाठवला होता ना, त्याने शिडीशिवाय फळं काढली. तो राहील का नव्या क्लबात?"

नाही, आजोबा, तो सक्तीच्या सैन्यसेवेतून सुटला की आपल्या जुन्या क्लबात जाईल.

"मग जो येईल तोही उंच बघून घ्या."

हसत हसत हो म्हणाले. त्या एका होकाराने दिवसभर चालायला बळ आलं.

११ मे

तिसऱ्या क्रमांकावर आहोत! पेपरवाले आम्हाला 'कुठेच न जाणारा संघ' म्हणतात. वरच्या संघांना आमचा राग येतो. ज्यांना जिंकून काही मिळायचं नाही ते एवढे का जिंकतात?

मी सार्जंट मेंगला हेच विचारलं. मुलाखतीसाठी बाकावर बसवलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला बाहेर पडायची परवानगी नाही. मैदान एवढी एकच जागा आहे जिथे पळता येतं. मग पळतो."

हे छापू का विचारलं, तर घाबरला. "नको नको! लिहा — देशासाठी खेळतो." मग दबक्या आवाजात, "आणि बाहेर गेलात तर चौकातला तिखट तक्पोक्की खा माझ्या नावाने. मला वास आठवतो नुसता."

खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. तिखटामुळेच.

७ जून

बैठकीत बोलायला माणसं ठरली. शाळेचे मास्तर, खानावळवाल्या मावशी, आणि शेवटी बाबा. मी न विचारताच त्यांनी नाव दिलं! मावशी म्हणाल्या, "तुझे बाबा नुसते उभे राहिले तरी पुरे. त्या ढोलाला नाही म्हणायची हिंमत कुठल्या महापौरात आहे?"

बाबांना म्हटलं, भाषण लिहून देऊ? म्हणाले, "माझं मी बोलेन."

किती बरं वाटलं! उगीच त्यांना दगड समजत होते.

१९ जून

लिहवत नाही. तरी लिहिते.

नगरभवन भरलं होतं. मागे उभं राहायला जागा नाही. मास्तर छान बोलले. मावशींनी तर महापौरांना सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही सामन्याला येता तेव्हा माझ्याकडेच सूप पिता ना? पुढच्या वर्षी कशाला याल मग?" सगळे हसले. महापौरही हसले. वाटलं, झालंच काम.

मग बाबा उठले. लोकांनी तीनदा टाळी वाजवली, ढोलासारखी. बाबांनी हात वर करून थांबवलं.

म्हणाले, "मी योम. शीतगोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. ढोल माझाच." आणि मग — "क्लब नको."

कुणाला कळेचना. महापौरांनी विचारलं, "काय म्हणालात?"

"नको म्हणालो. सैनिकांचा खर्च सैन्य करतं. आपला क्लब आपण दोन वर्षं चालवू. मग दमू. मग तो कुणाच्या तरी गळ्यात घालू. आपल्याच पोरांच्या. आपल्याकडे जी शिकलीसवरली पोरं उरलीत, त्यांना त्या बुडत्या कारभाराला जन्मभर बांधून ठेवू. मला ते नको."

माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "मग ढोल फोडून टाक!" बाबा म्हणाले, "माझा ढोल आहे, मी बघेन." आणि चालते झाले.

त्यानंतर जो उठला तो नकोच म्हणाला. जणू सगळे कुणीतरी आधी म्हणायची वाटच बघत होते.

२० जून

महापौर — "लोकांची इच्छा आम्ही ऐकली."

६ जुलै

घरात बोलणं बंद. तीन माणसांचं घर आणि त्यात आईला निरोप्याचं काम. "बाबांना सांग, वाटी पुढे करा." "तुझ्या मुलीला सांग, वाटी तिच्याच हाताशी आहे." वेगळी खोली घ्यावी म्हटलं तर पगारात बसत नाही. ऑफिसात जावं तर तिथे तेगोकच्या सामानाच्या याद्या सुरू. बाजारात जावं तर गामवाल्या काकू म्हणतात, "काय गं, तुझ्या बाबांनी तर तुझ्यावरच गोल केला!"

कुठेही जा, चार भिंती. सैनिकांना निदान सुटकेची तारीख असते.

बाबा सामन्याला येत नाहीत. काल तीन गोल मारले. तिन्ही वेळा मुलं सलाम करून उभी राहिली, सवयीने थांबली, आणि वरून काहीच आलं नाही.

२८ ऑगस्ट

सार्जंट मेंग आणि त्याच्या तुकडीचे सगळे आज सुटले. सैन्यसेवा संपली, आता आपापल्या जुन्या क्लबात. दर वर्षी हेच. संघ जमतो, रंगात येतो आणि सुटतो. बसमध्ये चढताना त्याने टोपी हवेत उडवली. "मॅडम, तुम्ही कधी सुटणार?"

गमतीत म्हणाला. मी हात हलवत राहिले, बस गेली.

१४ सप्टेंबर

पांग साहेबांनी विचारलं, संघाबरोबर तेगोकला येशील का? पद वाढेल. म्हणाले, "विचार कर. इथे तर हे ऑफिसच बंद होणार."

गावाला सांगत हिंडले, फुटबॉल जाऊ देऊ नका, आणि आता त्याच्याच बसमध्ये बसून जाऊ? गेले तर तोंड दाखवायला जागा नाही. राहिले तर करायला काम नाही.

अजून हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

५ ऑक्टोबर

आईबरोबर फळं सोलली. बोटं चिकट. ढोल घरामागच्या पडवीत, कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे, वर फळांच्या माळा. ताडपत्रीवर रस ठिबकतो. मी पुसला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मुसोनमधला शेवटचा सामना. समोर नेमका मेंगचाच जुना क्लब! तळाला लागलेला, हरला तर खाली. स्टँड इतका भरलेला मी कधी पाहिला नव्हता. जायची वेळ आली की लोक येतात.

उत्तरार्धात मेंगने गोल मारला. आमच्यावर. निळ्या जर्सीत. धावत आमच्याच स्टँडसमोर आला, टाचा जोडल्या आणि — सलाम! कडक! दीड वर्ष केला तसाच. त्याच्या टीमचे लोक दुसऱ्या टोकाला, हात पसरून वाट बघताहेत, आणि हा आमच्यासमोर कपाळाला हात लावून उभा. त्यांचा कोच ओरडला, "अरे, तू कुणाचा?"

आपण काय केलं ते मेंगच्या चेहऱ्यावर उमटलं. हात खाली येईना. कुणाला हसू येईना, शिवी देता येईना.

आणि वरून, अगदी जिन्यापासून — धम्. धम्. धम्.

बाबा होते. गोदामातल्या कपड्यांतच. पाठीवर ढोल, त्यावर रसाचे डाग.

मग जो आवाज उठला तो मला लिहिता येत नाही. आपल्यावर झालेल्या गोलाला एवढा जल्लोष कधी कुठे झाला नसेल! मेंगने हात खाली घेतला आणि तोंड लपवत पळाला.

हरलो, एक-शून्य. सामन्यानंतर खेळाडूंच्या बोगद्यात मेंग भेटला. "मॅडम, माफ करा. मी बाहेर आलोय, हात अजून आतच आहे."

संध्याकाळी फळांच्या माळांखाली बाबांशेजारी जाऊन बसले. जूननंतर पहिल्यांदा.

"क्लब झाला असता तर?" मी म्हटलं.

"तर तू इथेच राहिली असतीस."

"हो. राहिले असते."

"म्हणून."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

ते सुरी पुसत राहिले. "मला तो ढोल आवडतो म्हणून मी इथे राहिलो, दासोम. खरंच आवडतो. पण एकाच्या आवडीत एकाच माणसाने अडकावं."

मी माफ केलं नाही. अजूनही नाही. पण रात्री जेवताना वाटी त्यांच्यापुढे मीच सरकवली.

३० नोव्हेंबर

हंगाम संपला. चौथे आलो. मुसोनच्या इतिहासातली सगळ्यात चांगली जागा. खाली चाललो!

८ डिसेंबर

पांग साहेबांना हो म्हटलं. सोल नाही, मुसोनही नाही. बाबा म्हणाले, "अर्धी तरी सुटलीस."

११ जानेवारी

सामानाचा ट्रक गेला. मागे मी आणि पांग साहेब, त्यांच्या गाडीत. खानावळवाल्या मावशींनी खिडकीतून डबा आत ठेवला. म्हणाल्या, "तू पण सैनिकच निघालीस." रागात की मायेत, कळलं नाही.

बाबांनी मागच्या सीटवर ढोल आणून टेकवला. "तिथे कुणाकडे नसेल."

"मला वाजवता येत नाही."

"तू नको वाजवूस. कुणाला तरी दे."

१ मार्च, रविवार. तेगोक

दुसरी लीग, पहिला सामना. फाटकाशी मी झेंडे वाटत होते. एक माणूस ढोलाकडे बघत घुटमळत होता, त्याला दिला, तीन ठोके कसे द्यायचे ते सांगितलं. त्याची मुलगी माझ्या गळ्यातलं कार्ड धरून म्हणाली, "ताई, हे सैनिक आता आमचेच ना?"

आमचा इथला करार कधी संपतो ते मला पाठ आहे.

वाकले. हो म्हणाले.